आजी गाते तेव्हा गिटारने काय करावं?

*ताई,*

*मी घणसोलीचा, वय २३, नोकरी ठाण्याला. चार वर्षं गिटार वाजवतोय, मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. मित्रांच्या ग्रुपमध्ये माझं बरं चालतं. जी, डी, ईएम (ई मायनर) आणि सी हे चार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, फिरवले की निम्मी गाणी निघतात. माझी आजी धवलारीण आहे, म्हणजे लग्नात धवले (लग्नगीतं) गाणारी. आमच्या आळीत लग्न निघालं की अजून तिला बोलावणं येतं. वैशाखात चुलतबहिणीची हळद आहे. डीजे लागायच्या आधी अर्धा तास आजीने धवले गायचे आणि मी साथ करायची असं घरात ठरलंय. दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा आजी दुसऱ्या ओळीलाच थांबली. पहिल्यांदा म्हणाली, "मना सूर भेटं नाय." दुसऱ्यांदा काहीच बोलली नाही, उठून भांडी घासायला गेली. या गाण्यांचे कॉर्ड नेटवर मिळत नाहीत. चुलतभाऊ म्हणतो, आपल्या गाण्यांना कॉर्ड नसतातच, नाद सोड. कानाने कॉर्ड कसे शोधायचे? आणि मधे मधे गिटारही थोडी बोलावी असं वाटतं, ते कसं जमवायचं?*

*– चार कॉर्डवाला, घणसोली*

चार कॉर्डवाल्या,

आजीने भांडी घासायला जाऊन तुला जे सांगितलं, ते मला या अख्ख्या पानात सांगता येईल की नाही शंकाच आहे. प्रयत्न करते.

आधी तिचं पहिलं वाक्य घेऊ. "सूर भेटं नाय" हे तू रुसवा समजलास की काय? ती तक्रार अगदी नेमकी आहे. तू जी कॉर्ड धरलास, कारण तुझा हात जीला सरावलेला. आजी तिच्या पट्टीत गात होती. तिची पट्टी कोणती, हे तू पत्रात कुठेच लिहिलेलं नाहीस, म्हणजे विचारलंही नसणार. माझ्याकडे पेटी शिकायला येणारेही पहिल्या दिवशी हेच करतात. पेटीवर बोट ठेवतात आणि गाणाऱ्याने तिथे यावं म्हणून वाट बघतात.

तर पहिल्या बैठकीत गिटार पिशवीतच राहू दे. आजीला ओळ गाऊ दे, तिच्या वेळेने, तिच्या पट्टीत. मोबाइलवर रेकॉर्ड कर, पण विचारून. एका ओळीच्या शेवटी ती जिथे टेकते, श्वास घेते, चेहरा सैल पडतो, तो सूर गुणगुणून धरून ठेव. बहुतेक वेळा तोच तिचा सा. आता तो गिटारवर शोध. समजा पेटीवरची काळी चार निघाली, म्हणजे तुझ्या भाषेत जी शार्प. मग कॅपो (गिटारच्या मानेवर सगळ्या तारा दाबणारा चिमटा) पहिल्या घरात लाव आणि जीचेच आकार वाजव, तुझ्या हाताला काही नवं शिकावं लागणार नाही. काळी दोन निघाली तर कॅपो पहिल्याच घरात आणि आकार डीचे. आणि सूर काळी चार आणि पांढरी सहाच्या मधेच कुठेतरी असेल (पेटी नसलेल्या घरात हे नेहमी होतं), तर गिटार तिच्या सुराला मिळवून घे. गिटारला खुंट्या आहेत, आजीला नाहीत.

आणखी एक गोष्ट होईल, तिला घाबरू नकोस. साथीशिवाय गाणाऱ्या बायका पाच-सहा कडव्यांत हळूहळू चढतात. पाव सूर, अर्धा सूर. तेव्हा मधेच थांबून कॅपो हलवायचा नाही. खालचा सा धरून राहिलास तर ती आपोआप त्यावर परत येते. तानपुरा याच कामासाठी असतो.

दुसऱ्या बैठकीत फक्त दोन तारा. कॅपो पहिल्या घरात आणि जीचा आकार असेल तर चौथी आणि तिसरी तार मोकळी छेड, म्हणजे प आणि सा. दुसरं काही नाही. पूर्ण धवला होईपर्यंत हेच दोन सूर, हळू, एकसारखे. तुला कंटाळा येईल. येऊ दे. तुणतुणं आठव. एक तार, एक काठी, लाकडाचा पोकळ नळा आणि खाली कातडं. गोंधळी असो की शाहीर, मागे तो एकच सूर टिंग टिंग चालू असतो आणि त्यावर पोवाड्यातली लढाईही उभी राहते, लावणीतला विरहही. तुणतुणंवाल्याने आयुष्यात कधी कॉर्ड बदलला नाही. तू तीन मिनिटं न बदलता बसू शकलास, तर आजी तिसऱ्या ओळीपर्यंत नक्की जाईल. तिथपर्यंत ती गेली की पुढचं बोलू.

आता कॉर्ड. तुझ्या चारांपैकी आजीला नेमका कोणता टोचला, हे मी इथे बसूनसुद्धा बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकते. डी.

का ते बघ. तिने गायलेल्या ओळीचे सूर लिहून काढ. कागदावर, पेनाने. मी एक नमुन्याची चाल घेते, तुझ्या आजीची वेगळी असेल:

ग ग रे ग, म ग रे –
रे रे ग रे सा, नी सा –

दुसऱ्या ओळीतला तो नी, खाली बुडी मारून सावर येणारा, तो शुद्ध आहे की कोमल? गावाकडच्या चालींत पुष्कळदा तो कोमल असतो. जीच्या आकारात सा म्हणजे जी, त्यामुळे कोमल नी म्हणजे एफ. आणि तुझ्या डी कॉर्डात बसलाय एफ शार्प, म्हणजे शुद्ध नी. आजी कोमल नी घेते त्या क्षणी तू शुद्ध नी वाजवतोस. दोघांमधे अर्धा सूर, अगदी खेटून. चपलेत खडा गेल्यासारखं होतं. ती थांबणार नाही तर काय करणार? सिनेमातल्या बहुतेक गाण्यांत तो शुद्ध नी चालीतच असतो म्हणून डी तिथे छान वाटतो. इथे तो बाहेरचा.

म्हणून कॉर्ड निवडायची पहिली चाळणी हीच. ज्या कॉर्डात चालीबाहेरचा सूर आहे, तो संशयित. लगेच बाद नाही, पण संशयित.

दुसरी चाळणी टेकण्याची जागा. पहिली ओळ संपते रेवर. रे कोणकोणत्या कॉर्डात आहे? प-नी-रे म्हणजे डी, तो शुद्ध नीमुळे गेलाच. नी कोमल केला तर तोच डी मायनर होतो, तो चालेल. रे-म-ध म्हणजे ए मायनर, पण चालीत ध कुठे आलाय का? नाही. तेव्हा तो जरा पाहुणा. आणि कोमल नी-रे-म म्हणजे एफ मेजर. याचे तिन्ही सूर चालीत आहेत. म्हणजे जी, एफ, जी. बस, दोन कॉर्डांत धवला उभा राहिला. तुझा ईएम आणि सी दोघेही घरी.

एफचा बार (एका बोटाने सगळ्या तारा दाबणं) धरायचीही गरज नाही. कॅपोपासून मोजून चौथ्या तारेचं तिसरं घर आणि तिसऱ्या तारेचं पाचवं, एवढं दोन बोटांत धर. झाले एफ आणि सी, म्हणजे कोमल नी आणि म. मधला रे कुठाय? तो आजी गातेय! कॉर्डाचा तिसरा सूर तिच्या गळ्यात आहे, तू बाकीचे दोन खाली धरलेस की तिघे मिळून कॉर्ड पूर्ण होतो. मला स्वतःला हे कळलं त्या दिवशी मी पेटीवरची निम्मी बोटं उचलली, आणि लोक म्हणायला लागले की ताईंची साथ आता भरदार वाटते.

निम्मी बोटं उचलण्याचं आणखी एक कारण आहे. आजीचा ग पेटीतल्या किंवा गिटारच्या गवर बसेलच असं नाही. जुन्या गळ्यात तो बरेचदा शुद्ध आणि कोमल यांच्या मधे कुठेतरी असतो, कधी या बाजूला, कधी त्या. तू पूर्ण जी वाजवलास की त्यातला बी, म्हणजे शुद्ध ग, तिच्या गशी भांडायला उभा. ग सोडून दे. सा आणि प धर. रॉकवाले ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात तेच, फक्त डिस्टॉर्शनशिवाय. मेजर की मायनर हे ठरवायचा अधिकार आजीकडे राहू दे.

सगळ्या चाली मात्र अशाच नसतात, नाहीतर हे वाचून उद्या जिकडेतिकडे जी-एफ वाजवत फिरशील. तुमच्या नवी मुंबईतल्याच दिवाळे किंवा सारसोळ्याच्या कोळीवाड्यात बँडवर वाजणारी कोळीगीतं घे. त्यांतल्या पुष्कळ चाली सरळ सा, म, प या तीन मेजर कॉर्डांवर ताठ उभ्या राहतात. तिथे तुझे जी, सी, डी बिनधास्त चालव. काही चालींत मुळात पाचच सूर असतात. सा रे ग प ध असतील (भूपाचे सूर), तर त्यांतून पूर्ण बनणारे कॉर्ड दोनच, जी आणि ईएम. म्हणजे तुझ्या ईएमचे दिवस इथे येतील. पण सा रे म प ध असतील, दुर्गाचे, तर मजा बघ. पूर्ण होतात सी आणि ए मायनर, आणि घरचा जी मात्र पूर्ण होतच नाही, कारण ग नाही. अशा चालीत जीच्या जागी सा-प एवढंच ठेवायचं. आणि भजनाच्या शेवटची भैरवी आली तर प वरचा कॉर्ड विसरून जायचं. रे आणि नी दोन्ही कोमल असताना तो डिमिनिश्ड होतो, घरात भूत शिरल्यासारखा वाजतो. तिथे कोमल नीवरच्या मायनरमधून सावर उतरायचं. हे सगळं आज पाठ करू नकोस. सूर लिहून काढायची सवय लागली की यातलं बरंचसं तुझं तुलाच सापडेल.

कॉर्ड कधी बदलायचा हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण निम्मं वाजवणं तिथेच बिघडतं. प्रत्येक सुराला कॉर्ड बदलणारे लोक मी पाहिलेत. ते गाणं नसतं, एसटी स्टँडवरची उद्घोषणा असते. केरवा ताल असेल तर आठ मात्रांत फार तर दोनदा, पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर. दादरा असेल तर पहिली आणि चौथी. मधले सूर कॉर्डात बसत नसले तरी चालतं. ते वाटेवरचे आहेत, मुक्कामाचे नाहीत.

धवला किंवा जात्यावरची ओवी मात्र मात्रांच्या डब्यात नीट मावत नाही. लोकांतली ओवी साडेतीन चरणांची. तो शेवटचा अर्धा चरण ऐक, तिथे ती आपल्याला चकवते. आणि प्रत्येक कडव्यात शब्द कमीजास्त. भावाचं नाव लांब असलं की ओळ लांबते, लहान असलं की आजी एखादं "बाई" नाहीतर "गं" घालून जागा भरते. तू मनात एक-दोन-तीन-चार मोजत बसलास तर तिसऱ्या कडव्याला तुझा एफ येईल आणि तिचा रे अजून दोन शब्द लांब असेल. म्हणून तिच्या तोंडाकडे बघ. कॉर्ड शब्दाबरोबर बदलायचा. धवल्याचे शब्द तुला पाठ नसतील तर ते आधी पाठ कर, कॉर्ड नंतर. ऐकायला आणखी ओव्या हव्या असतील तर गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या "पारी"च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आहेत. संग्रह लाखाहून जास्त ओव्यांचा. त्यांतल्या कितीतरी बायकांच्या आवाजात ऐकता येतात. एका गावची चाल पुढच्या गावात कशी वाकते ते ऐक. दहा ऐकल्यास तरी कान बदलतो.

आता तुझा चुलतभाऊ. "आपल्या गाण्यांना कॉर्ड नसतातच" हे त्याचं म्हणणं खरं आहे आणि तरीही निकामी आहे. कॉर्ड नव्हते, बरोबर. पेटी तरी कुठे होती? ते वाद्य १८४० च्या दशकात पॅरिसला पेटंट झालं. आपण मांडी घालून भाता मारत वाजवतो ती पेटी पुढे कोलकात्यात घडली. ती आली तेव्हाही लोकांनी कपाळाला आठ्या घातल्याच. ऑल इंडिया रेडिओने तर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दाराबाहेर उभं केलं होतं, कारण काय, तर तिच्यात मींड (सुरावरून सुरावर घसरणं) निघत नाही आणि तिचे सूर आपल्या श्रुतींना धरून नाहीत. आक्षेप चुकीचा नव्हता. पण आज पेटीशिवाय भजन मांडून दाखव म्हणावं. आणि कोळीवाड्यातल्या वरातीत क्लॅरिनेट, ट्रम्पेट वाजतं ते काय घारापुरीच्या लेण्यात सापडलं? भावाला एवढंच सांग की कॉर्ड घातले म्हणून गाणं बाटत नाही, ऐकलं नाही तर बाटतं. आणि त्याला टाळ्या धरायला बसव. रिकाम्या हातांची माणसंच जास्त बोलतात.

गिटारने मधे मधे बोलावं, हे तुझं दुसरं म्हणणं. इथे मी माझीच फजिती सांगते. तिशीत मी एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. बाळकुमकडच्या एका पूजेत गोंधळाचा एक आयटम होता, खऱ्या गोंधळ्यांना घेऊन. मी आठवडाभर खपून त्यावर कॉर्ड बसवले होते. सेव्हन्थ काय, डिमिनिश्ड काय, दोन ओळींच्या मधली प्रत्येक फट भरून काढली होती. गाणं सुरू झालं. संबळ वाजवणारे काका माझ्या बाजूलाच. तिसऱ्या कडव्याला वाजवता वाजवताच माझ्याकडे झुकून म्हणाले, "बाई, गाण्याला जरा बसू द्या की." राग नव्हता आवाजात. दम लागलेल्या माणसाला पाणी द्या म्हणावं तसं म्हणाले. मी उरलेला आयटम फक्त सा धरून काढला. कार्यक्रमानंतर तीनजणांनी येऊन सांगितलं की शेवटी शेवटी काय रंगलं! मला त्या रात्री झोप लागली नाही.

तर फटी भरायच्या नाहीत, निवडायच्या. धवलारीण ओळ गाते, मग बाकीच्या बायका तीच ओळ उचलतात. या दोघींच्या मधे एक श्वास असतो. तुझी जागा तिथे. तोही प्रत्येक श्वास नाही, दोन-तीनातला एक. आजी एकटी गात असताना तू दोन तारांवर. बायका उचलतात तेव्हा आवाज भरायला हरकत नाही. पोवाड्यातले झीलकरी बघ, शाहीर बोलतो तेव्हा गप्प, त्याने ओळ टाकली की "जी जी" करत धरतात. कुठे तोंड उघडायचं हे त्यांना बरोब्बर कळतं.

आणि बोलायचं काय? नवं काही नाही, आजीचंच शेपूट धर. तिची ओळ "ग रे सा" अशी संपली असेल तर तू त्यातलं शेवटचं "रे सा" परत म्हण, हलकेच. एवढंच. पुढच्या वेळी "ग रे" म्हण आणि सा म्हणू नकोस, तो तिला म्हणू दे. म्हणजे तू प्रश्न टाकलास आणि उत्तर तिने दिलं. तुझ्या मनातली "बोलणारी गिटार" यापेक्षा वेगळी नाही, विश्वास ठेव. सूर वापरायचे ते तिने वापरलेलेच. तिच्या चालीत ध नसेल तर तुझ्या तुकड्यातही नको, मग तो व्हिडिओत शिकलेला पेंटाटॉनिकचा (पाच सुरांचा) तुकडा कितीही हातात बसलेला असो. आणि तुकडा संपवायचा तो ती जिथून पुढची ओळ उचलणार त्या सुरावर. जणू तिला हात दिला. भलतीकडे संपवलास तर ती अंधारात पायरी चुकल्यासारखी थांबेल.

सूर कसा घ्यायचा तेही ऐक. आजी गवरून रेवर उडी मारत नाही, घसरते. तूही तिसऱ्या तारेवर चौथ्या घरातून दुसऱ्या घरात बोट न उचलता घसरत ये. हे घर कॅपोपासून मोज. तिच्या सुराच्या आधी एक बारीकसा कण लागतो, खालच्या किंवा वरच्या सुराचा. तो हॅमर-ऑनने (वाजत्या तारेवर दुसरं बोट आपटून) निघतो. तासाभरात जमेल. पण किती वेगाने, हे तिच्याच रेकॉर्डिंगवरून ठरव, तुझ्या हौसेवरून नाही. चार सुरांत तिची मुरड आली तर बायका मान हलवतील. सोळा सुरांत आली नाही तर "पोरगा हुशार हाय" म्हणतील, आणि साथ करणाऱ्याच्या बाबतीत ते कौतुक नसतं.

सरावाला वेळ नाही असं म्हणू नकोस. घणसोलीहून ठाण्याला रोज जातोस ना? कानात इअरफोन, मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप, आजीच्या पट्टीत. रबाळे येईपर्यंत नुसता सा मनात धर. ऐरोलीपर्यंत सा आणि प, तोंड मिटून, हुंकारात. पुढे दिघा गाव, आणि ठाणे येईपर्यंत आजीची पहिली ओळ, प्रत्येक सुराला नाव देत. बाजूचे लोक बघतील. बघू देत, त्या गाडीत याहून विचित्र प्रकार चालतात. आणि परतीच्या गाडीत तीच ओळ गुणगुणताना खालचा एकेक सूर मनात धरून बघ. सा धरला, बरं वाटतंय. नी धरला, कुठे बरं वाटलं, कुठे टोचलं? कानाने कॉर्ड शोधणं म्हणजे हेच. आधी खालचा एक सूर, तो बसला की मगच वरचे. गिटार हातात नसताना हे जास्त चांगलं जमतं, कारण हात सवयीचे गुलाम असतात. माझे अजून आहेत.

पंधरा दिवसांनी आजीसमोर बस. या वेळी ओट्याजवळच, ती काम करत असताना. सुरुवात तिला करू दे, तू दुसऱ्या ओळीपासून दोन तारा छेड. मान वर करून बघितलं नाही तर समज जमलं. एफ घातलास आणि ती थबकली, तर तो एफ सोडून दे, माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस. मी तिची चाल ऐकलेली नाही, तिने ती पन्नास लग्नांत गायलीय. कुठे टोचलं ते तिला विचार. "इथे का?" असं बोट दाखवून विचार, "कोमल नी का?" असं नाही.

हळदीच्या दिवशी स्टेजवर उभा राहू नकोस. खाली, आजीच्या डाव्या अंगाला, चटईवर. माईक एकच असेल तर तो तिला. गिटार थेट स्पीकरला जोडायची असली तर तिच्या आवाजाच्या बरीच खाली ठेव, तुला स्वतःला जेमतेम ऐकू येईल इतकी. मांडवात गर्मी असते, तारा उतरतात, तेव्हा सूर तिथे पोचल्यावर परत लाव, घरी लावलेला नाही. आणि डीजेवाल्याला आदल्या दिवशीच गाठून सांग की त्या अर्ध्या तासात साउंड चेक नको. त्याने एकदा का बास तपासायला घेतला की तुझा सा गेला, आणि आजी उठून परत भांड्यांकडे.